सडपातळ, चौकोनी आणि थोडासा शिष्ट

एक छोटासा प्रयोग करून बघा. ऑफिसच्या पीसीवर वर्ड उघडा आणि फॉन्टची यादी खाली ओढा. थीमचे आणि नुकतेच वापरलेले फॉन्ट वर येतात, ते सोडा. त्यानंतर एबीसीडीच्या क्रमाने जी लांबलचक वरात सुरू होते, तिच्या पहिल्या दोन-चार नावांत एक गृहस्थ वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेत. एजन्सी एफबी. शाळेच्या हजेरीपटावर अत्रे-अभ्यंकर जसे कायम पहिले, तसा हा. कर्तृत्व वगैरे काही नाही, निव्वळ आडनावाचा फायदा! आणि हो, एफबी म्हणजे फेसबुक नव्हे बरं का. फेसबुक जन्माला यायच्या चांगली चौदा वर्षं आधीपासून हा एफबी आहे.

दिसायला कसा? अंगाने सडपातळ, उभा ताठ, खांदे चौकोनी. अक्षरांच्या टोकांना शेपट्या नाहीत, वळणं जवळजवळ नाहीत. इंग्रजी 'ओ' म्हणाल तर गोल नाहीच, कोपरे किंचित घासलेला उभा आयत. थोडक्यात, नोकरीच्या पहिल्याच दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट आणि टाय घालून आलेला मॅनेजमेंट ट्रेनी.

योगायोग असा, की मीही तेव्हा तोच होतो. पहिली नोकरी, पहिलं प्रेझेंटेशन. बॉसने स्लाइडकडे बघून एवढंच म्हटलं, "टायटल एका ओळीत बसव. आणि लहान करू नकोस." टायटल कसलं, मालगाडी होती ती! एरियलमध्ये टाकलं की शेवटचा डबा घसरून दुसऱ्या ओळीत. साइज कमी केला तर बॉसची भुवई वर. वैतागून यादीच्या वरच्या टोकाला गेलो, पहिलं दिसलं त्या नावावर क्लिक केलं आणि... अख्खी मालगाडी एका ओळीत! वर दोन्हीकडे जागा शिल्लक. बॉस म्हणाला, "हं, आता कसं प्रोफेशनल दिसतंय."

झालं. प्रेमात पडायला माणसाला एवढं पुरतं.

त्यानंतर मी काय काय केलं नाही या फॉन्टमध्ये? ऑफिसच्या टेबल टेनिस स्पर्धेचं पोस्टर, मित्राच्या केळवणाचं आमंत्रण, पार्किंगची नोटीस, स्वतःचा सीव्ही. ज्या कागदावर हा बसेल तो कागद आपोआप स्मार्ट, असा माझा फंडा होता. या फंड्याची किंमत पुढे आमच्या घरात कशी चुकवावी लागली, ते सांगणारच आहे. पण आधी या महाशयांचं खानदान बघू. कारण खानदान तगडं आहे.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, खिळे जुळवून छपाई व्हायची त्या जमान्यात. १८९२ मध्ये तिथल्या २३ टाइप फाउंड्र्या एकत्र आल्या आणि 'अमेरिकन टाइप फाउंडर्स' नावाची कंपनी उभी राहिली. तिथे मॉरिस फुलर बेंटन नावाचा एक माणूस कामाला होता. शिक्षण कॉर्नेल विद्यापीठात, मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. वडील लिन बॉइड बेंटन म्हणजे टाइपचे साचे कोरण्याचं यंत्र शोधून काढणारे गृहस्थ. बापाने यंत्र बनवलं आणि लेकाने त्या यंत्रावर आयुष्यभर अक्षरं घडवली. त्याच्या नावावर दोनशेहून अधिक टाइप आहेत. फ्रँकलिन गॉथिक त्याचा. न्यूज गॉथिक त्याचा. यूट्यूबचा २०१७ पर्यंतचा जुना लोगो आठवतो? तीही बेंटनच्याच १९०३ च्या 'ऑल्टरनेट गॉथिक'ची कृपा. म्हणजे माणूस १९४८ मध्ये गेला आणि त्याची अक्षरं आपल्या मोबाइलवर येऊन बसली!

या बेंटनने १९३२ मध्ये 'एजन्सी गॉथिक' नावाचा एक टाइप केला. फक्त कॅपिटल अक्षरं, एकच जाडी. मथळ्यांसाठी आणि पाट्यांसाठी, बस्स. काळ लक्षात घ्या. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली होती. जमीन महाग, म्हणून इमारती अंग चोरून उंच वाढत होत्या. मला तर एजन्सी गॉथिकची अक्षरं शेजारी शेजारी बघितली की त्याच शहराची स्कायलाइन आठवते. कागदावरची जागाही महागच की! निदान मला तरी त्यातला हिशेब तसाच दिसतो.

मग हा टाइप बरीच वर्षं मागे पडला. १९९० मध्ये डेव्हिड बर्लो या डिझायनरने तो पुन्हा बाहेर काढला. बर्लो आणि मासिकांच्या मांडणीतला बडा माणूस रॉजर ब्लॅक यांनी १९८९ मध्ये बोस्टनला 'फॉन्ट ब्यूरो' काढलं होतं. एफबी म्हणजे हेच ते फॉन्ट ब्यूरो. बर्लोच्या लक्षात आलं, की या चौकोनी कॅपिटल अक्षरांत दम आहे, पण कुटुंब अपुरं आहे. त्याने लहान लिपीची अक्षरं नव्याने काढली, सोबत एक ठळक भाऊ दिला. टाइप तुफान चालला. १९९५ पर्यंत त्याने हे कुटुंब जाडीचे पाच प्रकार आणि रुंदीचे पाच प्रकार इथपर्यंत वाढवलं. आपल्या ऑफिसच्या यादीत मात्र त्यातले दोघंच आले, साधा आणि ठळक.

आता तुम्ही म्हणाल, अक्षरं बारीकच करायची तर एवढा उपद्व्याप कशाला? एरियल घ्यायचा आणि दोन्ही बाजूंनी दाबायचा! वर्डमध्ये ती सोयही आहे. करून बघा आणि मग त्या अक्षराच्या उभ्या रेघा बघा. आडवं दाबल्यावर उभ्या रेघा वाळून काडी होतात आणि आडव्या रेघा मूळच्या जाडीच्या राहतात. अक्षर आजारी दिसायला लागतं. खरा अरुंद टाइप असा दाबून होत नाही, तो मुळापासून अरुंद म्हणून काढावा लागतो. उभी रेघ केवढी, आडवी केवढी, मधली पोकळी केवढी, सगळा हिशेब नव्याने.

चौकोनीपणाचं कारण याच हिशेबात आहे. गोल 'ओ' घ्या आणि अरुंद करत न्या. त्याचा लंबगोल होतो, मग भोपळ्याची बी होते, आतली पोकळी वर-खाली चिमटत जाते. आता त्याच 'ओ'च्या दोन्ही बाजू सरळ उभ्या करा आणि वळण फक्त कोपऱ्यांत ठेवा. तेवढ्याच रुंदीत पोकळी भरपूर मोकळी राहते. शिवाय सरळ बाजूचं अक्षर सरळ बाजूच्या अक्षराशेजारी छान खेटून बसतं, मधल्या फटी सारख्या राहतात. टू बीएचकेच्या भिंतीला लागून गोल टेबल ठेवलं तर कोपरे वाया जातात आणि चौकोनी टेबल बरोबर बसतं, तसंच हे. वन रूम किचनमधून वर आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको!

हीच सोय जगात इतरांनीही वापरली आहे. जर्मनीतल्या रस्त्यांवरच्या पाट्यांचा टाइप 'डिन १४५१' या नावाने १९३६ मध्ये प्रमाण ठरला. त्याचा एक मध्यम रुंदीचा प्रकार आहे आणि एक अरुंद. जर्मन गावांची नावं तुम्ही ऐकली असतीलच, आपल्या 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस'लाही घाम फुटेल. नाव पाटीत मावत नसलं की तिथे अरुंद भाऊ कामाला लागतो. इकडे १९६२ मध्ये इटलीत अल्दो नोव्हारेजे याने 'युरोस्टाइल' काढला. तो अरुंद नाही, चांगला ऐसपैस आहे, पण चौकोनीपणात एजन्सीचा सख्खा चुलतभाऊ. अवकाशयानं आणि रोबो असलेल्या सिनेमांनी ही चौकोनी अक्षरं इतकी वापरली, की आता चौकोनी 'ओ' दिसला की आपल्याला आपोआप 'भविष्यकाळ' ऐकू येतो.

थोडक्यात, सगळं कसं झकास. कमी जागा, जास्त उंची, वर टेक्निकल रुबाब फुकट.

आता घरची गोष्ट.

आई-बाबा नाशिकला, मी पुण्यात. आईला बरीच वर्षं डायबेटिस, इन्सुलिन सुरू. मधल्या एका दिवाळीत मी 'जबाबदार मुलगा' मोडमध्ये होतो. फ्रिजवर लावायला एक कार्ड केलं. डॉक्टर, शेजारच्या काकू, अँब्युलन्स, मेडिकलवाला, गॅसवाला, मामा, मी. चौदा नंबर, पोस्टकार्डाएवढ्या जागेत! कसे बसवले म्हणता? अहो, एजन्सी एफबी आहे ना. गडद राखाडी पार्श्वभूमी, वर पांढरी अक्षरं. लॅमिनेट केलं, चार कोपऱ्यांना चार मॅग्नेट. बाबांनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "छान आहे रे. अगदी एअरपोर्टवर असतं तसं." मी खूश.

चार महिन्यांनी एका रात्री दोनच्या सुमाराला आईची शुगर एकदम खाली गेली. दरदरून घाम, हात थरथर, बोलणं अडखळायला लागलं. बाबा पंच्याहत्तरीचे. नंबर मोबाइलमध्येही सेव्ह करून दिलेत मी, पण घाबरलेला माणूस सवयीच्या वस्तूकडे धावतो. बाबा लँडलाइनकडे धावले, लांब वायरीचा रिसीव्हर घेऊन फ्रिजसमोर आले आणि डॉक्टरांचा नंबर फिरवला. "हा नंबर अस्तित्वात नाही." पुन्हा फिरवला. कुणीतरी अनोळखी माणूस झोपेतून उठून खेकसला. तिसऱ्यांदा पुन्हा "अस्तित्वात नाही."

डॉक्टरांच्या नंबरात दोन आठ, एक सहा, एक तीन आणि दोन शून्यं. आता मघाचा तो चौकोनी 'ओ' आठवा. त्याच आयतात मधे एक आडवी रेघ टाका, आठ झाला. उजवीकडे वर एक फट ठेवा, सहा झाला. डावीकडे दोन फटी ठेवा, तीन झाला. काहीच करू नका, शून्य! चारही आकड्यांचं बाहेरचं अंग एकच. फरक फक्त एखाद्या रेघेचा, एखाद्या फटीचा. पोस्टकार्डावर चौदा ओळी बसवल्यावर ती फट उरते केवढी? मोहरीएवढीही नाही. वर राखाडीवर पांढरं, स्वयंपाकघरात झिरोचा दिवा आणि चष्मा बेडरूममध्ये उशाशी.

बाबांनी रिसीव्हर तसाच टाकला आणि शेजारच्या काकूंचं दार ठोठावलं. काकू आल्या, आईकडे बघितलं आणि एका वाटीत साखर-पाणी कालवून चमच्या-चमच्याने आईला पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत आई उठून बसली. म्हणाली, "एवढं काय झालं सगळ्यांना?"

मला हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. बाबांनी फोनवर सांगितलं आणि शेवटी हळूच म्हणाले, "कार्ड छान आहे रे, पण मला काही ते वाचता आलं नाही. माझीच नजर आता..." वाक्य पुरं केलं नाही त्यांनी. चूक माझी आणि माफी मागत होते ते! मंडळी, आयुष्यात बॉसच्या शिव्या पुष्कळ खाल्ल्या, पण त्या अर्ध्या वाक्याएवढं काही लागलं नाही.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. आणि कळलं, की आपण घरगुती प्रयोग करून जे शिकलो, ते लोकांनी प्रयोगशाळेत मोजून ठेवलंय. अमेरिकेतल्या एमआयटीच्या 'एजलॅब'ने गाडीच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनसाठी दोन टाइपची तुलना केली. एक चौकोनी, आपला युरोस्टाइल. दुसरा फ्रुटिगर, पॅरिसच्या विमानतळावरच्या पाट्यांसाठी जन्मलेला, मोकळ्या तोंडाच्या अक्षरांचा. माणसांना सिम्युलेटरमध्ये गाडी चालवायला दिली आणि मधेमधे स्क्रीनवरच्या मेनूतलं काहीतरी निवडायला सांगितलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात पुरुषांच्या बाबतीत फ्रुटिगरसारख्या टाइपमुळे स्क्रीनकडे बघण्यात जाणारा एकूण वेळ १०.६ टक्क्यांनी कमी भरला. बायकांमध्ये फरक त्याहून कमी होता किंवा दिसलाच नाही. (यावर घरोघरी काय चर्चा व्हायची ती होऊ द्या!) चुका मात्र दोघांच्याही कमी झाल्या. लक्षात घ्या, दोन्ही टाइप चांगलेच आहेत, नावाजलेल्या हातांनी काढलेले. फरक एवढाच, की एकात प्रत्येक अक्षर आपापल्या चेहऱ्याचं आहे आणि दुसऱ्यात सगळी अक्षरं एका युनिफॉर्ममध्ये उभी आहेत. कवायतीला युनिफॉर्म छान दिसतो, पण त्यातला आपला मुलगा शोधायला वेळ लागतो.

जर्मनांना तर हे चोरांनी शिकवलं. त्यांच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर पूर्वी तो डिनचाच टाइप असायचा, सगळा कसा एकसारखा आणि नीटनेटका. पण एकसारखा म्हणजे फसवायला सोपा. थोडासा काळा रंग लावला की तीनचा आठ, 'एफ'चा 'ई'. मग कार्लगेओर्ग होफर या अक्षरतज्ज्ञाच्या मदतीने नवा टाइप केला गेला. त्यात प्रत्येक अक्षर मुद्दाम दुसऱ्यापेक्षा वेगळ्या ढंगाचं आहे. कुणी लहान, कुणी पोट सुटलेलं, कुणाची कंबर वर. ओळ म्हणून बघाल तर अगदी बेढब. पण एकाचं दुसरं करता येत नाही. २००० पासून जर्मनीत नव्या प्लेटवर हाच टाइप सक्तीचा आहे. म्हणजे ज्या देशाने नीटनेटकेपणाचा कळस गाठला, त्यांनीच विचार करून बेढबपणा निवडला. कारण तिथे प्रश्न दिसण्याचा नव्हता, ओळखण्याचा होता.

हे इंग्रजीपुरतंच आहे असं समजू नका. आपल्या देवनागरीत तर पंचाईत जास्त. डोक्यावर शिरोरेघ, तिच्यावर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, मधे काने. अक्षरं अरुंद आणि जवळजवळ केली की सगळे काने मिळून बंगल्याचं कुंपण दिसायला लागतं. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यातला फरक म्हणजे शिरोरेघेतली एवढीशी फट आणि एखादी गाठ. ती बुजली की 'भात'चा 'मात' व्हायला कितीसा वेळ! तरी हे काम नेटाने करणारे लोक आपल्याकडे आहेत. अहमदाबादच्या 'इंडियन टाइप फाउंड्री'चा 'टेको' बघा. २०१४ मध्ये मानुषी पारीख यांनी काढलेला, अरुंद आणि चौकोनी, देवनागरी आणि रोमन दोन्ही एका वळणाचे. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. मोठ्या मथळ्यात, पोस्टरवर, क्रिकेटच्या स्कोअरला एकदम सॉल्लिड दिसतो. आणि याच्या उलट टोक बघायचं तर कोपऱ्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्स आहेच. जागा उभी उरली म्हणून माउसने धरून उभा ताणलेला साधा फॉन्ट, वाळून काडी झालेल्या रेघा आणि त्यात 'हार्दिक शुभेच्छा'. शुभेच्छा कसल्या, अक्षरांवरचा अत्याचार!

तर मग एजन्सी एफबीला यादीतून हाकलायचं का? छे हो! बिचाऱ्याची काही चूक नाही. बेंटनने तो मोठ्या मथळ्यासाठी केला होता. बर्लोने त्याचं कुटुंब वाढवलं, पण एकाच अंगकाठीच्या या माणसाला पोस्टकार्डावर चौदा फोन नंबर पाठ करायला कुणीही सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. घोषणा देणाऱ्या माणसाच्या हातात मी औषधाची चिठ्ठी वाचायला दिली.

म्हणून सांगतो, वापरा. पण असा वापरा. पाच-सहा शब्द, मोठा साइज, कॅपिटलमध्ये असेल तर अक्षरांत किंचित जास्त मोकळी जागा. स्लाइडचं टायटल, पोस्टरचा मथळा, दारावरचा मीटिंग रूमचा नंबर. तिथे याच्यासारखा रुबाब दुसऱ्याला नाही. मजकूर परिच्छेदाएवढा झाला की थांबा. आणि फोन नंबर, औषधाचा डोस, अकाउंट नंबर, पासवर्ड, म्हणजे जिथे एक आकडा चुकला की सगळं चुकलं, तिथे तर याला अजिबात उभं करू नका. शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे. आठ, सहा, तीन, शून्य आणि 'बी' हे पाच जण एका ओळीत टाइप करा, हव्या त्याच आकारात प्रिंट काढा, चष्मा काढा आणि हातभर लांबून बघा. चष्मा नसेल तर ऑफिसमधल्या पन्नाशीच्या एखाद्या सरांना चहा पाजा आणि त्यांना दाखवा. स्क्रीनवर दोनशे टक्के झूम करून "वाचता येतंय की" म्हणणं ही परीक्षा नव्हे. आपण पंचविशीतले लोक पंचविशीच्या डोळ्यांनी डिझाइन करतो आणि वाचायला देतो सगळ्या घराला!

पुढच्या शनिवारी मी नाशिकला गेलो आणि नवं कार्ड केलं. या वेळी यादीच्या वरच्या टोकाऐवजी पार तळाशी गेलो. तिथे व्हर्डाना भेटला. मॅथ्यू कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला, १९९६ चा. अंगाने रुंद, अक्षरं सुटी सुटी, सहाचं तोंड उघडं, आठ गुटगुटीत. स्टाइलच्या बाबतीत म्हणाल तर डबा घेऊन लोकलने जाणारा हेडक्लार्क. मराठी मजकुराला मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' घेतला. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, ए-फोर आकार. चौदा नंबर त्यात मावेनात. मग मी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, जो आधीच विचारायला हवा होता. रात्री दोन वाजता बाबांना चौदा नंबर लागतात का?

लागत नाहीत. लागतात चार. काकू, डॉक्टर, अँब्युलन्स, मी. प्रत्येक नंबर तीन तुकड्यांत तोडून, मधे ठसठशीत जागा सोडून. गॅसवाला आणि मेडिकलवाला गेले कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला. आणि सगळ्यांच्या वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत, डॉक्टरांना विचारून लिहिलेली एक ओळ: "घाम, थरथर झाली आणि ती शुद्धीवर असेल, तर आधी साखर-पाणी. मग फोन." पहिलं कार्ड करताना ही ओळ मला सुचलीही नव्हती. सुचणार कशी? मी कार्डाकडे बघत होतो, कार्ड वाचणाऱ्याकडे नाही.

लावून झाल्यावर बाबांना बोलावलं. चष्मा काढायला लावला, स्वयंपाकघरातला मोठा दिवा बंद केला आणि दारातूनच वाचायला सांगितलं. त्यांनी चारही नंबर घडाघडा वाचले, एकही आकडा न अडखळता. मग जवळ येऊन कार्डाकडे जरा वेळ बघत राहिले.

"काय, कसं वाटलं?" मी विचारलं.

बाबा म्हणाले, "दिसायला काही खास नाही रे. पण दिसतं."